तांड्याचे सण आणि पोहरादेवीची यात्रा : एक अभ्यास

एखाद्या समाजाचा इतिहास लिहिलेला नसला, तरी तो कोठे ना कोठे जपलेला असतो. आमच्या वाशीम शहराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली येथे विंध्यशक्ती दुसरा ह्या राजाचा ताम्रपट सापडला आणि त्या शाखेचा इतिहास अभ्यासकांच्या हाती आला. राजाजवळ ताम्रपट असतो. ज्यांच्याजवळ ताम्रपट नाही, लिपी नाही, कालपरवापर्यंत सातबाराही नव्हता, त्यांनी आपला इतिहास कशावर कोरावा? माझ्या मते त्यांनी तो सणांवर कोरला.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. सहा तालुक्यांचा हा लहानसा जिल्हा यात्रा-उत्सवांच्या बाबतीत मात्र संपन्न आहे. वाशीमचा बालाजी, कारंजा येथील गुरुमंदिर, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही त्यांतली प्रमुख स्थाने. ह्यांपैकी पोहरादेवी आणि तिच्या अवतीभवती पसरलेले बंजारा समाजाचे तांडे एवढाच विषय मी प्रस्तुत लेखासाठी घेतला आहे. एक तर तो मला जवळचा आहे. मी तांड्यातच वाढले आहे. दुसरे असे की, आपल्या वर्गात ह्या समाजाचे विद्यार्थी पुष्कळ असूनही तांड्यात सण कसा होतो, त्यात काय शिजते, काय गायिले जाते आणि का, हे बाकावर शेजारी बसणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते.

थोडी पार्श्वभूमी

बंजारा, लमाण, लंबाडी, लंभाणी अशी अनेक नावे बाहेरच्यांनी दिली. समाज स्वतःला ‘गोर’ म्हणवतो आणि आपल्या भाषेला ‘गोरबोली’ किंवा ‘गोरमाटी’. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहून नेणे हा ह्या समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. लमाण हे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ ह्या शब्दावरून आले, असे बरेच अभ्यासक मानतात. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्याही फौजांना बंजाऱ्यांनी रसद पुरविली. ‘तांडा’ हा शब्द मुळात अशा चालत्या कारवानाचा आहे. आज तो डोंगरउतारावरच्या स्थिर वस्तीला लावला जातो, पण शब्दातली चाल अजून गेलेली नाही.

रेल्वे आली आणि बैलाच्या पाठीवरचा व्यापार संपला. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अनेक ठिकाणी बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. ज्यांचा धंदा गेला, त्यांनाच चोर ठरविण्यात आले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पूर्णपणे रद्द झाला. महाराष्ट्रात ह्या समाजाची गणना विमुक्त जातींत होते, ती ह्याच कारणाने. पुढे ह्याच समाजातले, शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ ह्या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, हा इतिहासही सर्वांस ज्ञात आहे. मात्र मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्या ह्या समाजाची भाषा अजूनही स्वतःच्या नावाने मोजली जात नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी बोलणारे ३२ लाखांहून अधिक लोक हिंदी ह्या गटाखाली नोंदले गेले आहेत. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ साली, ह्या बोलीचा वेगळा विचार केला होता, हे येथे लक्षात घ्यावे.

एवढी पार्श्वभूमी दिली, कारण सणांचा अर्थ तिच्याशिवाय लागत नाही.

तीज : नऊ दिवसांचे शेत

तांड्यातील सणांत मुलींचा म्हणून खास सण तीज. तो श्रावणात येतो आणि लग्न न झालेल्या मुलीच तो करतात. सुरुवात होते नायकाच्या परवानगीने. नायक हा तांड्याचा प्रमुख आणि कारभारी त्याचा साहाय्यक. मुली एकत्र जमून नायकाच्या दारी जातात व तीज पेरण्याची अनुज्ञा मागतात. मग बांबूच्या लहान टोपल्यांत माती आणि खत भरून त्यांत भिजवलेले गहू पेरले जातात. टोपल्या सहसा नायकाच्या घरी एकत्र ठेवतात. रोज सकाळ-संध्याकाळ मुली विहिरीवरून किंवा नाल्यावरून पाणी आणतात आणि गाणी म्हणत गव्हाला घालतात. प्रकाश बेताचाच मिळत असल्याने अंकुर पिवळसर, लांब आणि नाजूक वाढतात. ज्या मुलीची तीज उंच व दाट, तिचे कौतुक होते.

ह्या नऊ दिवसांत खेळ आणि थट्टाही असते. आमच्या तांड्यात बोराटीच्या फांदीच्या काट्यांवर मुली भिजवलेले हरभरे टोचतात आणि नेमके त्याच वेळी मुले फांदी गदागदा हलवतात. बोटांना काटे लागतात, हशा पिकतो. एके संध्याकाळी चुरमा करून नैवेद्य दाखविला जातो. गोकुळाष्टमीच्या सुमारास मातीची गणगोर करतात. शेवटी सारा तांडा वाजतगाजत निघतो. मुली अंकुर उपटून वडीलधाऱ्यांना देतात, ती माणसे ते पागोट्यात किंवा टोपीत खोवतात, आणि टोपल्या वाहत्या पाण्यात सोडल्या जातात. त्या वेळी मुली रडतात. हे रडणे वरवरचे नसते. पुढच्या श्रावणात आपण ह्या तांड्यात असूच असे नाही, हे प्रत्येकीला माहीत असते. लग्नाच्या वेळी नवरी जे विलापगीत गाते, त्याला ‘ढावलो’ म्हणतात. तीजेच्या शेवटच्या दिवशीचे रडणे ही त्याची पूर्वतयारीच आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आता ह्या सणाकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहू. वरकरणी हा व्रताचा प्रकार वाटतो. पण बारकाईने पाहिल्यास त्यात चार गोष्टी एकत्र शिकविल्या जातात : बियाणे निवडणे व रुजविणे, पाण्याचे वेळापत्रक पाळणे, समूहात गाणे, आणि नायकासमोर उभे राहून बोलणे. शाळा नसलेल्या काळात मुलींना हे शिक्षण दुसरीकडे कोठे मिळणार होते? मी बी. ए. ला लोकसाहित्याचे टिपण काढताना गेल्या थंडीत माझ्या दादीला म्हटले, “दादी, तीजेची गाणी सांग, मी लिहून घेते.” ती निवडत असलेल्या तुरीवरून हात न काढता म्हणाली, “बाई, गहू कुठं पेरलाय? पेरल्याबिगर गाणं कसं येईल?” मला आधी हा तिचा हट्ट वाटला. श्रावणात तीच दादी मुलींच्या मागे बसून एकामागून एक गाणी सांगू लागली, तेव्हा तिचे म्हणणे मला उमगले. तिच्या दृष्टीने गाणे हा पाणी घालण्याच्या कामाचाच भाग आहे. हात रिकामे असले की ओळ आठवत नाही.

होळी आणि दवाळी

होळी हा पुरुषांचा आणि बायकांचा, दोघांचाही सण. होळीच्या आधीपासून रात्री डफावर ‘लेंगी’ गायिली जाते. लेंगीत देवादिकांपासून चालू घडामोडींपर्यंत सारे विषय येतात आणि थट्टा तर असतेच. आमच्याकडे होळी संध्याकाळी नव्हे, तर पहाटे पेटवतात. त्या वर्षी ज्या घरी मुलगा झाला असेल तेथे ‘धुंड’ होते. बाळाला मध्ये घेऊन त्याच्यावर काठ्यांचा हलका ताल धरतात आणि त्याला आशीर्वाद देणारी लांब कवने म्हणतात. होळी खेळणाऱ्या पुरुषांना गेरिया म्हणतात, स्त्रियांना गेरणी. खांबाला बांधलेला पुऱ्या-गुलगुल्यांचा हंडा गेरणी काठ्या घेऊन राखतात आणि गेरियांनी मार चुकवून तो पळवायचा असतो. एरवी घुंगटाआड वावरणारी सून त्या दिवशी दिराला काठीने झोडपते व कोणी रागावत नाही. मुलगा झाला तरच धुंड, मुलीला नाही, ही गोष्ट मात्र आज खटकल्यावाचून राहत नाही. काही घरांतून आता मुलीचीही धुंड व्हावी असा विचार बोलून दाखविला जातो. तो मला योग्य वाटतो.

दवाळीला मुली ‘मेरा’ मागतात. अमावास्येच्या रात्री हातात दिवा घेऊन त्या घरोघर जातात आणि प्रत्येक घराला शुभ चिंतितात. दुसऱ्या दिवशी रानातून फुले आणून गोधनाची पूजा होते. ज्या समाजाचा सारा संसार बैलाच्या पाठीवर होता, त्याने गोठ्यासमोर फुले वाहावीत हे स्वाभाविकच आहे.

सणाचे अन्न

तांड्याच्या सणात पक्वान्नांची गर्दी नसते. रोजची ज्वारीची भाकरी, तिला गोरबोलीत ‘बाटी’ म्हणतात. सणाला गहू, गूळ आणि तूप येते. भाकरी किंवा पोळी कुसकरून गूळ-तुपात कालवली की चुरमा झाला. गव्हाच्या भरड्याची गुळातली लापशी, गव्हाच्या पिठाचा कढईतला गोड शिरा, सुवाळी, गुलगुले हे आणखी काही प्रकार. देवाला ‘भोग’ लावण्याची रीत विशेष आहे. निखाऱ्यावर तूप आणि गोड नैवेद्य सोडतात, ज्योत उठली की भोग पावला असे समजतात व सारे मिळून ‘अरदास’ म्हणजे प्रार्थना करतात. ह्या पूजेला देऊळ लागत नाही, मूर्ती लागत नाही, पुरोहितही लागत नाही. विस्तव, गूळ आणि तूप असले की पुरे. रोज नव्या मुक्कामाला उतरणाऱ्या लोकांची ही पूजा आहे, हे सांगावयास नकोच. मांसाहारात ‘सळोई’ हा बकऱ्याच्या रक्तामांसाचा पदार्थ प्रसिद्ध आहे. जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ न देण्याची काटकसर त्यामागे दिसते.

पोहरादेवी : तांड्यांचा तांडा

आतापर्यंत वर्णन केलेले सण प्रत्येक तांड्याचे आपापले. सर्व तांडे एकत्र येतात ते चैत्रात, रामनवमीला, पोहरादेवीस. येथे जगदंबेचे मंदिर आहे आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. परंपरेनुसार सेवालाल महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागात झाला. वडील भीमा नायक, आई धरमणी. तिकडे जन्मलेल्या संताची समाधी वऱ्हाडात असावी, हेच तांड्याच्या चालीचे प्रमाण आहे. पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी म्हणतात. जवळच उमरी येथेही समाजाची श्रद्धास्थाने आहेत. महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, आंध्र, कर्नाटक आणि मध्य प्रदेशातून भाविक येतात. समाजाचे धर्मगुरू संत रामराव महाराज ऑक्टोबर २०२० मध्ये निवर्तले, त्यांची समाधीही येथेच आहे.

यात्रेत माझे लक्ष नेहमी भाषेकडे जाते. बेल्लारीकडची बाई कानडी वळणाने बोलते, निझामाबादकडची तेलुगू वळणाने, आमची वऱ्हाडी वळणाने, आणि तिघीही एका चुलीशी बसून गोरबोलीत सोयरिकी विचारतात. कोणत्या गोत्राची, कोणत्या तांड्याची, नायक कोण, असे प्रश्न झाले की ओळख पटते. वर्तमानपत्र आणि पत्रव्यवहार ज्या समाजात नव्हता, त्याची सोयरिकीची आणि बातम्यांची पेठ म्हणजे ही यात्रा होय. यात्रेत पूर्वी बोकडांचे बळी मोठ्या प्रमाणावर दिले जात. समाजातीलच संतांनी आणि सुधारकांनी त्याविरुद्ध प्रबोधन केले. परंपरेत बदल आतून होऊ शकतो, ह्याचे हे उदाहरण आहे.

यात्रेची वेळही लक्षात घेण्याजोगी आहे. तांड्यांतील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला किंवा बांधकामावर परजिल्ह्यांत जातात. उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ह्याचा सणांवर सरळ परिणाम होतो. दवाळीला तांडा निम्मा रिकामा असतो, मग मेरा मागणाऱ्या मुली कोठून येणार आणि दिवा कोणाच्या दारी नेणार? होळीला काही कुटुंबे फडावरच असतात. तेथेही लेंगी होते, पण एका रात्रीपुरती. रामनवमीच्या सुमारास माणसे परततात, म्हणून यात्रा भरभरून होते. श्रावणात सर्वजण शेतीसाठी गावी असतात, म्हणून तीज टिकून आहे. सण श्रद्धेवर टिकतात असे आपण म्हणतो. माझ्या निरीक्षणाप्रमाणे ते आधी माणसे घरी असण्यावर टिकतात.

पेटीतला वेश आणि काचेतला वेश

बंजारा स्त्रीचा पारंपरिक वेश आपण चित्रांत पाहतो : फेटिया म्हणजे घागरा, पाठीवर बंद असलेली कांचळी, डोक्यावर छांटिया, त्यांवर आरसे, कवड्या, नाणी आणि रंगीत दोऱ्यांचे भरतकाम, केसांत घुगरी, दंडापर्यंत बांगड्या. माझ्या दादीने तो रोज वापरला, आईने लग्नात वापरला, मी फक्त सेवालाल जयंतीच्या मिरवणुकीत. हा वेश का सुटला? तो जड आहे, शेतात अडचणीचा आहे, शिवावयास महिनोन्‌महिने लागतात. ही कारणे खरीच. परंतु दादी आणखी एक कारण सांगते. बाजारात हा वेश दिसला की दुकानदार गल्ल्यावर हात ठेवी. १८७१ च्या कायद्याचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, लोकांच्या नजरेतून पुसला गेला नाही. बायकांनी नऊवारी-सहावारी नेसली, ती काही अंशी ह्या नजरेपासून सुटण्यासाठी. तेव्हा ‘तुम्ही आपला सुंदर वेश का सोडलात?’ असे विचारणाऱ्यांनी तो सोडावा लागण्याची कारणेही समजून घ्यावीत.

आज परिस्थिती पालटते आहे. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेथील स्त्रियांच्या हातांना त्या कलेतून काम मिळते. आपल्याकडे पोहरादेवी येथे नगाऱ्याच्या आकाराचे भव्य वास्तुसंग्रहालय उभे राहिले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नगारा हे तांड्याला हाक देणारे वाद्य, त्यामुळे हा आकार यथार्थ आहे. संग्रहालय पाहताना दादी एका फेटियासमोर बराच वेळ उभी राहिली. ज्या वेशामुळे बाजारात तिच्याकडे संशयाने पाहिले गेले, तो आता मानाने मांडलेला पाहून तिला काय वाटले असेल, ते मी विचारले नाही. अशा संग्रहालयाचे मोल मला कमी वाटत नाही.

तरीही एक शंका नमूद करावीशी वाटते. फेटिया काचेत राहू शकतो, कारण तो वस्तू आहे. तीज काचेत राहू शकत नाही. अलीकडे शहरांतून ‘तीज महोत्सव’ साजरे होतात. मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुणे, भाषणे आणि तयार टोपल्या घेऊन एका तासाचे नृत्य. शहरात राहणाऱ्या मुलींना आपल्या समाजाची ओळख त्यातून होते, हे मान्य. पण पेरणे, पाणी घालणे, वाट पाहणे हे नऊ दिवस त्यात नाहीत. आणि दादीच्या शब्दांत सांगावयाचे तर पेरल्याबिगर गाणे येत नाही. त्यामुळे अशा कार्यक्रमात ध्वनिमुद्रित गीत लावले जाते आणि मुली त्यावर ताल धरतात. तांड्याच्या सणात प्रत्येकाला काम असते : कोणी पेरते, कोणी हंडा राखते, कोणी तो पळवते, नायक परवानगी देतो, म्हातारी चुकलेली ओळ दुरुस्त करते. महोत्सवात मोजक्यांना काम असते आणि बाकीचे पाहतात. ज्या सणात बहुतेक लोक प्रेक्षक होतात, त्या सणातील कला एका पिढीत संपते, असे माझे मत झाले आहे.

काय करता येईल?

ह्यावर उपाय म्हणजे तांडा जसाच्या तसा ठेवावा, असे मी म्हणणार नाही. तांड्यातून महाविद्यालयात येणाऱ्या मुलीला नऊ दिवस वर्ग बुडवून पाणी घालता येत नाही, आणि तिने तसे करावे असेही कोणी म्हणू नये. तथापि काही गोष्टी आपल्या हातांत आहेत.

पहिली, संकलन. आर. व्ही. रसेल आणि हिरालाल ह्यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत बंजाऱ्यांवर प्रकरण आहे. बाहेरच्या अधिकाऱ्याने लिहिलेले ते वर्णन आहे. आज तांड्यातीलच मुले-मुली पदवीपर्यंत पोहोचली आहेत. आपण गोरबोलीतील गाणी देवनागरीत उतरून घ्यावीत. मात्र नुसते शब्द लिहू नयेत. गाणे कोणत्या वेळी, कोणते काम करताना, कोणी म्हटले, चाल कोणती, हेही नोंदवावे आणि गाणारीची संमती घ्यावी. दुसरी गोष्ट, वेळ. गाणी गोळा करावयाची तर सणाच्या दिवसांतच तांड्यात जावे. तिसरी, वसतिगृहे. जेथे तांड्यांतील मुली एकत्र राहतात, तेथे श्रावणात एका कोपऱ्यात दहा टोपल्या ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही. सकाळी आणि संध्याकाळी पाणी घालावयास दहा मिनिटे पुरतात. ज्या मुली बंजारा नाहीत त्यांनीही गहू पेरावा. टोपलीला जात नसते.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. वर्गात कोणी आपल्या घरची बोली बोलली की हसण्याची सवय आपण सोडली पाहिजे. वऱ्हाडी बोलणाऱ्यालाही हा अनुभव नवा नाही. बोली गेली की प्रथम गाणी जातात, मग त्या गाण्यांनी सांभाळलेला सण जातो, आणि शेवटी उरते ती फक्त पंचांगातील तिथी.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. वहीत मी आतापर्यंत तीजेची चौदा गाणी उतरविली आहेत. दादीला त्याहून कितीतरी अधिक येतात. येत्या श्रावणात उरलेली लिहून घेण्याचा माझा संकल्प आहे. आपल्या महाविद्यालयातील इतर विद्यार्थ्यांनीही आपापल्या गावचा, वस्तीचा, तांड्याचा एकेक सण असाच निवडावा आणि त्याच्या दिवसांत तेथे हजर राहून तो लिहून काढावा, अशी नम्र विनंती करून हा लेख पुरा करते.